नीरेच्या खोऱ्यातील शांत रस्ते शांत राहू द्यावेत

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात उजनी धरणाचा साठा घरोघरी विचारला जातो. माळशिरस आणि पंढरपूर भागातील शेतकरी उजनीच्या जोडीने भाटघर आणि नीरा देवघर या दोन धरणांचे आकडेही न चुकता पाहतात, कारण नीरा उजव्या कालव्याचे पाणी तिकडून येते. भाटघरची क्षमता २३.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि नीरा देवघरची ११.७ टीएमसी, हे कालव्याखालच्या गावांत अनेकांना तोंडपाठ असते. मात्र या दोन्ही धरणांच्या वरच्या अंगाला, भोर तालुक्यात, जे डोंगराळ खोरे आहे ते सोलापूरकरांपैकी फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. गेली सहा वर्षे मी दर हिवाळ्यात सायकलने त्या खोऱ्यात जात आहे. तेथील लहान रस्त्यांविषयी एक विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत सार्वजनिक बांधकाम विभागापर्यंत, पुणे आणि सोलापूर जिल्हा परिषदांपर्यंत आणि वाचकांपर्यंत पोहोचावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ती विनंती अशी, की सायकलने लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी कोट्यवधींचे नवे मार्ग बांधण्याच्या गोष्टी करण्याआधी, जे रस्ते आज शांत आहेत ते रुंद न करता नीट राखावेत आणि ते ओळखू येतील अशा साध्या पाट्या तेथे लावाव्यात.

माझी ओळख एवढीच, की एका सूतगिरणीच्या हिशेब विभागातून मी निवृत्त झाले असून आता वयाच्या साठीकडे आले आहे. माझे वडील गिरणी कामगार होते. पहाटेचा भोंगा झाला की आमच्या गल्लीतून सायकलींची रांग निघे, आणि वडिलांच्या त्या काळ्या, उंच सायकलच्या दांड्याखालून पाय घालून मी चालवायला शिकले. सायकल ही या शहरात एकेकाळी कामावर जाण्याची गोष्ट होती, हौसेची नव्हे. ती चालवायला वेगळा कपडा लागतो किंवा वेगळे वय लागते, असे मला कधी वाटले नाही.

सहा वर्षांपूर्वी, सोलापुरात संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, मी, माझे यजमान आणि शेजारच्या दोघी बहिणी असे चौघे जण नीरा नदीच्या उलट दिशेने निघालो. सोलापूरहून तिऱ्हेमार्गे पंढरपूर, दुसऱ्या दिवशी वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे दर्शन घेऊन अकलूज, तिसऱ्या दिवशी माळशिरस आणि नातेपुते करून फलटण, आणि चौथ्या दिवशी लोणंद, शिरवळ करीत भोर, असा आमचा क्रम होता. अकलूजच्या मुक्कामातून नीरा आणि भीमा यांच्या संगमावर जाऊन आलो. पलीकडच्या काठावर नरसिंहपूरचे देऊळ, अलीकडे आपल्या जिल्ह्याची हद्द, आणि मध्ये दोन नद्यांचे पाणी काही अंतर वेगळे दिसून मग एक होते. हेच पाणी पुढे पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वाळवंटाला लागते. ते कोठून निघाले हे पाहायचे, एवढाच त्या पहिल्या प्रवासाचा हेतू होता.

शिरवळला पुणे-सातारा महामार्ग ओलांडून भोरच्या दिशेला लागले की काही किलोमीटरांत सगळे बदलते. दोन्ही बाजूंनी डोंगराच्या सोंडा जवळ येतात, उसाची जागा भाताची खाचरे घेतात आणि वारा, जो आपल्या माळरानावर दिवसभर एकाच दिशेने तोंडावर येतो, तो येथे प्रत्येक वळणावर दिशा बदलतो. भोरच्या आसपास एक नव्हे तर अनेक खोरी आहेत. वेळवंड खोरे, भुतोंडे खोरे, महुडे खोरे, वीसगाव खोरे आणि नीरेच्या उगमाकडचा हिर्डस मावळ, अशी त्यांची नावे तेथील माणसे आजही रोजच्या बोलण्यात वापरतात. भाटघरच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे, कारण ते भुतोंड्याचे. ब्रिटिश अमदानीत १९२८ साली पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी वेळवंडी नदीच्या खोऱ्यात लांबवर पसरले आहे, आणि त्याच्या काठाकाठाने गावांना जोडणारा जो अरुंद रस्ता जातो, त्याच्यासारखा सायकलला योग्य रस्ता मी आजवर महाराष्ट्रात दुसरा पाहिलेला नाही.

योग्य म्हणजे काय, हे मी थोडे सविस्तर सांगते, कारण अनेकांची समजूत अशी असते की सायकलस्वाराला सपाट, रुंद आणि गुळगुळीत रस्ता हवा असतो. माघातील एका सकाळी साडेसातच्या सुमारास आम्ही त्या काठाने निघालो होतो. पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता आणि उन्हे अजून डोंगराआडच होती. रस्ता ओढ्यापाशी खाली उतरे, छोटी मोरी ओलांडून पुन्हा वर चढे. उतारावर पायडल थांबवले की मागच्या चाकाचे फ्रीव्हील टिकटिक करी, आणि त्यापलीकडे खालच्या खाचरात कोणी बैलाला हाकत होते तेवढाच आवाज होता. मी घड्याळ लावून पाहिले, तर पहिले चारचाकी वाहन दिसायला चाळीस मिनिटे लागली, आणि ती एसटी होती. चालकाने आम्हांला लांबूनच पाहिले, गाडी हळू केली, आम्ही एका जांभळाखाली उतरून उभे राहिलो आणि गाडी गेल्यावर पुन्हा निघालो. त्यात कोणाचेच काही अडले नाही. पाणी ओसरलेल्या काठावर गहू आणि हरभऱ्याची गाळपेर होती. उजनीच्या काठावर आपण जी पाहतो तीच, फक्त येथे तिच्या मागे सह्याद्रीची भिंत उभी असते.

अशा रस्त्यावर चौघांना शेजारी-शेजारी बोलत जाता येते. सायकलीवर सामान बांधलेले असले की वेग ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या पुढे जात नाही, चढावर तर सहा-सातवर येतो, आणि चढावर सायकल थोडी डावी-उजवीकडे डोलतेच. मागून येणाऱ्या वाहनाच्या धाकाने जर सारखे एका रेषेत चालवावे लागले, तर पायांपेक्षा मान आणि खांदे आधी थकतात. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती मी स्पष्टच लिहिते. मोठ्या रस्त्यावर बायकांनी सायकलवर जाणे म्हणजे प्रत्येक गाडीतून होणारी टीका-टिप्पणी ऐकणे असते. गावरस्त्यावर मात्र लोक थांबवून विचारपूस करतात, पाणी देतात, घरात बोलावतात. माझ्याबरोबरच्या दोघी बहिणी सोलापुरातून बाहेर कधी एकट्या पडल्या नव्हत्या. वेळवंडच्या परिसरात दोन दिवस काढल्यावर तिसऱ्या दिवशी त्या दोघीच पुढे जाऊन आमची वाट पाहत बसल्या होत्या.

आता दुसरी बाजू. भोरहून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता हा पंढरपूर-भोर-महाड या मार्गाचा भाग आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्याला कोकणाशी जोडणारी ती जुनी वाट आहे. निगुडघर, हिर्डोशी, वारवंड अशी गावे करीत तो नीरा देवघरच्या पाण्याजवळून शिरगावकडे जातो. शिरगावला नीरेचा उगम दाखवणारे कुंड आहे. घाटमाथा पुढे, आणि कावळ्या किल्ल्याच्या खालून रस्ता कोकणात उतरतो. निसर्गाच्या दृष्टीने तो अप्रतिम आहे. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने हा घाट अवजड वाहनांना आणि कधीकधी सर्वांनाच बंद ठेवावा लागतो, इतका तो कडा नाजूक आहे. या रस्त्यावर वाहने वाढली आहेत आणि वेगही वाढला आहे.

तिसऱ्या वर्षी त्याच रस्त्यावर मी पडले. डांबराची कड आणि तिच्या शेजारची मुरमाची साइडपट्टी यांच्यात वीतभर खोल फरक होता. मागून ट्रकने जोराचा हॉर्न दिला, समोरून मोटार येत होती, मी घाबरून डावीकडे घेतले आणि पुढचे चाक कडेवरून खाली घसरले. सायकल मुरमात रुतली, मी हातावर आपटले आणि मनगटाचे हाड मोडले. ट्रक थांबला नाही, आणि त्याला कदाचित कळलेही नसेल. दुधाची गाडी घेऊन भोरला निघालेल्या एका तरुणाने मला आणि सायकलीला बरोबर घेतले व दवाखान्यात पोहोचवले. मी त्या ट्रकचालकाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ज्या रस्त्यावर ट्रक, मोटारी, एसटी आणि सामान बांधलेली सायकल एकाच पट्टीवरून जातात आणि साइडपट्टी भरलेली नसते, तेथे हे कोणाच्याही बाबतीत घडणार. तो रस्ता मोठा आणि सुरक्षित व्हावा, त्याच्या साइडपट्ट्या डांबराच्या पातळीत भराव्यात, दरडीच्या ठिकाणी जाळ्या आणि भिंती व्हाव्यात, हे मलाही मान्य आहे. माझे म्हणणे त्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या लहान रस्त्यांविषयी आहे.

आपल्याकडे रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असे वर्ग आहेत. मी ज्यांना शांत रस्ते म्हणते ते बहुतेक शेवटच्या दोन वर्गांत मोडतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्याचा डांबरी भाग साधारणपणे ३.७५ मीटर रुंद असतो, आणि फारच कमी वाहतूक असेल तेथे ३ मीटरही चालतो. ट्रकची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते. म्हणजे ३.७५ मीटरच्या रस्त्यावर समोरून कोणी आले की मोठ्या वाहनाला वेग कमी करावाच लागतो. तेथे वेगमर्यादेची पाटी लागत नाही, पोलीस लागत नाही आणि गतिरोधकही लागत नाही. रस्त्याची रुंदीच ते काम करते. तोच रस्ता साडेपाच मीटर झाला की मोटार न थांबता दुसऱ्या मोटारीशेजारून जाऊ शकते, आणि सात मीटरचा दुपदरी झाला की वेगावर काही बंधनच उरत नाही. रुंदी वाढली की वाहतूक येते, वाहतूक आली की पुन्हा रुंदी अपुरी वाटू लागते, आणि कडेची वडा-जांभळाची झाडे या दोन्हींच्या मध्ये सापडतात. एकदा गेलेला जुना वड कोणत्याही वृक्षलागवडीच्या कार्यक्रमाने आपल्या हयातीत परत येत नाही.

यावर तेथील रहिवाशांचे काय म्हणणे आहे, हे मी ऐकून घेतले आहे, आणि ते येथे न लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नीरा देवघरच्या पलीकडच्या काठावर एका ओट्यावर आम्ही चहाला थांबलो होतो. घरातील आजोबांची जमीन धरणात गेली होती, आणि त्यांची एक लेक पुनर्वसनात लाभक्षेत्रातील गावी राहते. ते म्हणाले, “तुम्ही वर्षातून चार दिवस येता, तुम्हांला अरुंद रस्ता गोड वाटणारच. आमची सून अडली तेव्हा भोरला पोहोचायला दीड तास लागला.” या बोलण्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आणि त्या रात्री मला झोपही नीट लागली नाही. पुढे दोन-तीन फेऱ्यांत मी मुद्दाम लक्ष देऊन पाहिले, तेथील जीप आणि टेम्पो चालवणाऱ्यांशी बोलले. त्यांचे म्हणणे असे पडले, की दीड तासातला वेळ खातात ते खड्डे, वाहून गेलेल्या मोऱ्या आणि पावसाळ्यात ओढ्यावरून जाणारे पाणी. समोरून वाहन येऊन थांबावे लागणे, हे दिवसातून क्वचित घडते. रुंदीकरणाला जो खर्च येतो त्याच्या काही हिश्शात मोऱ्या उंच करता येतील, डांबराचा थर वेळच्या वेळी देता येईल, उताराच्या बाजूला गटारे काढता येतील, आणि ठराविक अंतरावर दोन वाहनांना एकमेकांना जाऊ देण्यापुरती जागा करता येईल. रुग्णवाहिका अशा रस्त्यावरून आजच्यापेक्षा निश्चितच लवकर जाईल. आजोबांची अडचण खरी आहे आणि तिचा उपाय झालाच पाहिजे. तो उपाय रुंदीकरणच आहे, हे मात्र मला पटलेले नाही.

ज्यांना हे स्वप्नरंजन वाटेल त्यांच्यासाठी एक प्रत्यक्ष पाहिलेले उदाहरण देते. माझा भाचा जर्मनीत म्युनिकला नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेले असता त्याने मला तीन दिवस आल्प्समध्ये, इटलीच्या उत्तर सीमेजवळच्या आदिजे नदीच्या वरच्या खोऱ्यात नेले. जर्मन भाषिक त्याला फिन्शगाउ म्हणतात आणि इटालियन लोक व्हाल व्हेनोस्ता. सुमारे १५०० मीटर उंचीवरच्या रेशेन खिंडीपासून मेरान शहरापर्यंत, ऐंशीएक किलोमीटर, सायकलीचा मार्ग नदीच्या सोबतीने उतरत जातो. खिंडीपाशी एक जलाशय आहे. १९५० मध्ये तेथे धरणाने ग्राउन नावाचे गाव बुडवले, आणि जुन्या चर्चचा मनोरा अजून पाण्यातून वर आलेला दिसतो. मला तेथे उभे राहून वेळवंड खोऱ्यातल्या कांबरेश्वराची आठवण झाली. भाटघरचे पाणी उन्हाळ्यात खाली गेले की ते देऊळ असेच वर येते आणि लोक दर्शनाला जातात.

त्या मार्गात मला सर्वांत जास्त भावले ते हे, की त्याचा मोठा भाग नव्याने बांधलेला नाही. खोऱ्यात मोटारींचा मोठा रस्ता आहे आणि त्याच्यावर प्रचंड रहदारी असते. सायकलीचा मार्ग मात्र सफरचंदांच्या बागांमधल्या शेतवाटा, नदीच्या बांधावरचे रस्ते आणि गावातल्या गल्ल्या एकमेकींना जोडून केलेला आहे. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर तेथून जातो, बाहेरची मोटार जात नाही. प्रत्येक फाट्यावर हाताएवढी पाटी असते, तीवर पुढचे गाव आणि अंतर. माल्स ते मेरान अशी त्या खोऱ्यातली रेल्वे १९९० मध्ये बंद पडली होती, ती २००५ मध्ये पुन्हा सुरू केली, आणि आता कोणत्याही स्थानकावर भाड्याची सायकल घेऊन दुसऱ्या स्थानकावर परत करता येते. लोक वरपर्यंत रेल्वेने जातात आणि उताराने सायकलवर खाली येतात, वाटेत शेतकऱ्यांकडे खातात आणि राहतात. सत्तरीच्या पुढची जोडपी मी तेथे पाहिली, आणि वडिलांच्या मागे चार-पाच वर्षांची मुलेही पाहिली. आल्प्सची श्रीमंती आपल्याकडे नाही, हे मला माहीत आहे. परंतु पाटी, शेतवाट आणि जोडणी या तीन गोष्टींना श्रीमंती लागत नाही, आणि आपल्या खोऱ्यांत पहिल्या गोष्टीखेरीज बाकीच्या दोन आधीच हजर आहेत.

आपल्या जिल्ह्याच्या बाजूने पाहिले तर हे काम आणखी सोपे आहे. पंढरपूर ते लोणंद हा पालखी मार्ग आता बहुतांश चौपदरी झाला आहे, आणि काही गावांना बाह्यवळण मिळाल्यामुळे गावातून जाणारा जुना रस्ता मोकळा पडला आहे. अशा जुन्या तुकड्यांवर आज सकाळी मुले खेळतात आणि कडबा वाळतो. हे तुकडे, कालव्याच्या कडेचे रस्ते आणि गावांना जोडणारे ग्रामीण मार्ग एकत्र ओवले, तर पंढरपूरपासून भोरपर्यंत महामार्गाला शक्य तितके कमी स्पर्श करणारी वाट तयार होऊ शकते. मी स्वतः तीन वर्षे फेऱ्या बदलून पाहिल्या आहेत. माळशिरस ते फलटण या टप्प्यात बहुतांश अंतर आज आम्ही महामार्ग सोडून जातो. वेळ दीडपट लागतो, पण दिवसाच्या शेवटी डोके दुखत नाही. आषाढीच्या आधी नाशिक, पुणे आणि इतर शहरांतून सायकल वारी पंढरपूरला येते, आणि त्यात हजारो माणसे असतात. त्यांच्यातील काहींनी दर्शनानंतर चंद्रभागेच्या पाण्याचा माग काढत नीरेच्या उगमाकडे जावे, अशी वाट त्यांना दाखवता आली तर गावोगावच्या खानावळींना, पंक्चरवाल्यांना आणि धर्मशाळांना वर्षभर थोडेथोडे उत्पन्न मिळेल. सायकलस्वार मोटारीसारखा एका हॉटेलात जेवून पुढे निघून जात नाही. त्याला दर पंधरा-वीस किलोमीटरला चहा लागतो, दुपारी सावली लागते आणि रात्री जवळच मुक्काम लागतो. आम्ही चौघांनी प्रत्येक फेरीत खर्च केलेला पैसा जवळजवळ सगळा लहान गावांतच गेला आहे.

एसटी महामंडळालाही एक सूचना आहे. पूर्वी टपावर सायकल टाकता येई. वाहक दोरी देत असे आणि आम्ही हँडल तिरके करून ती बांधत असू. आता टपावर सामान नेण्याची सोय नसलेल्या गाड्या वाढल्या आहेत. सोलापूर-पंढरपूर-फलटण किंवा पुणे-भोर अशा मार्गांवरील एखाद्या फेरीला मागच्या बाजूस दोन सायकली अडकवण्याचे हूक बसवले आणि त्याचे वेगळे तिकीट ठेवले, तर ज्यांना चार दिवस पायडल मारणे शक्य नाही त्यांनाही दोन दिवसांचे खोरे पाहता येईल. आमच्यातल्या एका बहिणीला आता गुडघ्याचा त्रास आहे. तिला भोरपर्यंत बसने येता आले, तर आंबवड्याला नागेश्वराकडे जाऊन तेथील झुलत्या पुलावर उभे राहणे तिला अजूनही सहज जमेल.

ही विनंती आज करण्याचे कारण असे, की गेल्या दोन फेऱ्यांत मला त्या काठावर बदल स्पष्ट दिसला. जलाशयाच्या कडेला भूखंड विक्रीचे फलक लागले आहेत, शनिवार-रविवारी तंबू पडतात, रात्री मोठ्या आवाजात गाणी लागतात आणि सकाळी काठावर बाटल्या दिसतात. ज्या रस्त्यावर चाळीस मिनिटे वाहन दिसत नव्हते, तेथे रविवारी सकाळी आम्ही दर दोन-तीन मिनिटांनी कडेला उतरत होतो. स्थानिक कुटुंबांना पर्यटनातून चार पैसे मिळावेत, हे योग्यच आहे. पण रस्ता रुंद करण्याची मागणी यानंतर कोण करेल आणि कोणासाठी करेल, हे समजणे कठीण नाही. निर्णय होण्याच्या आधी या रस्त्यांची नोंद शांत रस्ते म्हणून कोठेतरी झाली पाहिजे. नाही तर रुंदीकरणाच्या फाइलमध्ये ते केवळ अपुऱ्या रुंदीचे रस्ते म्हणून राहतील.

सायकलस्वारांकडूनही माझी अपेक्षा आहे. वीस-पंचवीस जणांचे जथे करून, पुढे-मागे मोटारी घेऊन, स्पीकर लावून कोणी त्या खोऱ्यात जाऊ नये. तसे गेल्याने रस्ता आपणच अशांत करतो. चौघे-सहा जण पुरेत. भाताच्या खाचरातून फोटोसाठी सायकली नेऊ नयेत, भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळतात त्या राब भाजण्याच्या दिवसांत धुराची तक्रार करू नये, आणि घरात कोणी चहा दिला तर पैसे विचारण्याऐवजी त्यांच्याकडचे तांदूळ किंवा नाचणी विकत घ्यावी, कारण चहाचे पैसे दिले तर त्यांना वाईट वाटते. बाभळीचे काटे आपल्याकडे जितके आहेत तितके तिकडे नाहीत. तरी दोन ट्यूब, पॅच आणि पंप जवळ असावा, कारण भोर सोडले की पंक्चरवाला सहजासहजी सापडत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर कातळ तापतो आणि चढावर पाणी पुरत नाही, पावसाळ्यात तर दरडी आणि धुक्यामुळे घाटाच्या बाजूला जाऊच नये. रायरेश्वराच्या पायथ्यापर्यंत सायकल जाते, पुढे पठारावर चालत जावे. जेथे १६४५ मध्ये शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतल्याची परंपरा सांगितली जाते, तेथून खाली पाहिले की नीरेच्या खोऱ्यातले हे सगळे लहान रस्ते एकत्र दिसतात. पाण्याच्या कडेने जाणारी ती काळी, बारीक रेघ पाहूनच मला हे पत्र लिहावेसे वाटले.

सहा वर्षांच्या फेऱ्यांची माझी वही आहे. कोणत्या फाट्यावर कोठे वळावे, कोणती मोरी पावसाळ्यानंतर तुटलेली असते, कोठे पिण्याचे पाणी मिळते, कोणत्या चढावर सायकल हाती धरावी लागते आणि कोठल्या टप्प्यात साइडपट्टी धोकादायक आहे, हे सर्व तिच्यात गावांच्या नावांसह आणि अंतरांसह लिहिलेले आहे. बांधकाम विभागाने, जिल्हा परिषदेने किंवा एखाद्या ग्रामपंचायतीने पंढरपूर ते शिरगाव या वाटेवर फाट्या-फाट्यावर पाट्या लावण्याचे मनावर घेतले, तर ती वही मी विनामूल्य देईन आणि जागा दाखवायला स्वतः सायकलवर बरोबर येईन. येत्या गड्ड्यानंतर आम्ही पुन्हा निघणार आहोत. कोणी अधिकारी किंवा अभियंता त्यातील एक दिवस, निदान भाटघरच्या काठचा टप्पा, आमच्याबरोबर आले तर त्यांच्यासाठी एक जास्तीची सायकल तयार ठेवू.

आपली नम्र,
एक वाचक, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)